कोंब कुठून फुटतो

विदेहाच्या जनक राजाने मोठ्या दक्षिणेचा यज्ञ केला. कुरु-पांचालांचे विद्वान ब्राह्मण जमले होते. एक हजार गाई उभ्या होत्या, प्रत्येकीच्या शिंगांना सोने बांधलेले. तुमच्यात जो सर्वश्रेष्ठ ब्रह्मवेत्ता असेल त्याने त्या घेऊन जाव्यात, असे राजा म्हणाला. याज्ञवल्क्याने आपल्या शिष्याला सरळ गाई हाकायला सांगितले. मग जी प्रश्नोत्तरे सुरू झाली त्यांनी बृहदारण्यकोपनिषदाचा सबंध तिसरा अध्याय भरला आहे. अश्वल, आर्तभाग, उद्दालक, गार्गी, शाकल्य असे एकेक जण विचारत गेले. शाकल्याचे तर मस्तकच गळून पडले. पुढे यायला कुणी धजेना, तेव्हा याज्ञवल्क्याने उलट सभेलाच प्रश्न घातला.

माणूस झाडासारखा आहे, तो म्हणाला. केस ही पाने, कातडी ही साल. कातडीला जखम झाली की रक्त येते, सालीला झाली की चीक. हाडे म्हणजे आतले लाकूड, मज्जा म्हणजे लाकडातला गाभा. झाड तोडले तर ते मुळापासून पुन्हा नवे उगवते. मग मृत्यूने तोडलेला माणूस कोणत्या मुळापासून उगवतो? रेतापासून असे म्हणू नका, ते जिवंत माणसाकडून येते. आणि झाड मुळासकट उपटले तर ते परत येत नाही.

सभा गप्प राहिली.

माझी नोकरी जंगली झाडांच्या रोपांची मुळे अभ्यासण्यात गेली. चंद्रपूर भागातला साग, शिवण, बिजा, टेंभुर्णी. त्यांची मुळे धुवायची, पसरायची, मोजायची, फाटे कुठे आणि किती फुटले ते लिहायचे. या कामामुळे याज्ञवल्क्याचा प्रश्न मला जरा वेगळा ऐकू येतो. उपनिषद तिथून लगेच ब्रह्माकडे वळते. ज्ञान आणि आनंद हेच ज्याचे रूप, ते ब्रह्म हाच अखेरचा आश्रय, असे सांगते. भाष्यकारही तिकडेच जातात, आणि त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण त्याआधी त्या झाडापाशी थांबायला हवे, असे मला फार वाटते. ज्याने ही उपमा योजली त्याने तोडलेली झाडे पाहिलेली होती. झाडाविषयीचे विधान तपासता येते. तोडलेले झाड नेमके कुठून उगवते, हे नीट पाहिले की माणसाविषयीचा प्रश्नही दुसऱ्या जागी जाऊन बसतो.

सागाच्या लागवडीत हे विधान दर पावसाळ्यात खरे करून दाखवले जाते. गादीवाफ्यावर वर्षभर वाढलेले रोप उपटायचे. अंगठ्याएवढी जाडी असलेली रोपे निवडायची. खोड आणि मूळ जिथे भेटतात त्या जागेला रोपवाटिकेत सगळेच कॉलर म्हणतात. तिच्या वर दोन-तीन सेंटिमीटर खोड ठेवून बाकीचे धारदार कोयत्याने उडवायचे. खाली सोटमूळ पंधरा-वीस सेंटिमीटर ठेवून कापायचे आणि बाजूची बारीक मुळे छाटून टाकायची. जे उरते तो स्टंप. काही ठिकाणी त्याला जडी म्हणतात. त्याला एक पान नसते, एक फांदी नसते, पाणी शोषणारे एकही बारीक मूळ नसते. वीतभर काठी, बस्स. ओल्या गोणपाटात गुंडाळून ती जंगलात जाते. पहिला चांगला पाऊस झाला की पहारीने भोक पाडायचे, काठी आत सोडायची, कॉलर जमिनीच्या पातळीला आणायची आणि टाचेने माती दाबायची. काही आठवड्यांत कोंब वर येतो. त्याचे कोवळे पान चुरगळले की बोटे लाल होतात.

म्हणजे याज्ञवल्क्य म्हणतो तसेच झाले. झाड तोडले आणि ते पुन्हा उगवले. पण मुळापासून उगवले का?

वाकून पाहिले तर कोंब कॉलरवरच फुटलेला असतो. रोप अगदी लहान असताना पहिली पाने जिथे आली होती, त्या पानांच्या बगलेत डोळे होते. वरचे खोड जोमाने वाढत होते तोवर ते झोपून राहिले. वरचा शेंडा गेला, शेंड्याकडून खाली येणारा ऑक्झिन या द्रव्याचा पुरवठा थांबला, आणि ते जागे झाले. कापणाऱ्याचा हात चुकून कॉलरच्या खाली गेला, तर उरलेल्या सोटमुळाला कोंब फुटण्याची आशा फार कमी असते. त्या मुळात पिठूळ अन्न भरपूर साठलेले असते, ते ओलही धरून असते. तरीही उगवण्यासाठी लागणारा डोळा त्याच्यात नसतो.

सगळी झाडे अशी नसतात, हेही सांगायला हवे. टेंभुर्णीचे पाहा. तेंदूपत्त्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे छाटतात, तेव्हा जमिनीखाली आडव्या पसरलेल्या मुळांवरूनच जागोजाग नवे धुमारे येतात. बेल आणि शिसूही मुळावरून उगवतात. याज्ञवल्क्याच्या डोळ्यासमोर कोणते झाड होते ते श्लोकात नाही. पण मुळापासून उगवणाऱ्या झाडांतही सबंध मूळ उगवत नाही. एखादी विशिष्ट जागा उगवते. ती जागा शोधणे हेच आमच्या कामाचे मर्म आहे, आणि धर्मविचाराचेही मर्म तेच असावे असे मला वाटू लागले आहे.

म्हणून मुळाचा एकेक भाग घेऊन विचारले पाहिजे: पुन्हा उगवते ते हेच का?

आधी टोके घेऊ. मुळांचे काम खरे तर टोकांपाशी चालते. जाडजूड सोटमूळ झाडाला धरून ठेवते आणि रस वाहून नेते, पण मातीतून पाणी आणि क्षार घेतात ती केसासारखी बारीक, नवी मुळे. ती किती असतात याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड डिटमर यांनी राय या धान्याचे एकच रोप लाकडी खोक्यात चार महिने वाढवले आणि त्याची मुळे मोजली. सगळी मुळे जोडली तर लांबी सहाशे किलोमीटरच्या वर भरली, आणि मुळांवरची सूक्ष्म रोमे यात धरलेली नव्हती. एवढा हा पसारा, आणि यातले जवळजवळ सगळे अल्पायुषी. रोमे काही दिवसांत गळतात. बारीक मुळे काही आठवड्यांत, काही महिन्यांत मरतात आणि त्यांच्या जागी दुसरी येतात. ज्याला आपण झाडाचा स्थिर पाया समजतो, त्याचा काम करणारा भाग सतत मरत आणि जन्मत असतो.

मुळांच्या फाट्यांना क्रमांक कसे द्यायचे यावर आमच्यात दोन पद्धती आहेत, आणि त्या दोन निराळ्या दृष्टी आहेत. जुनी पद्धत सोटमुळापासून सुरू होते: सोटमुळाचे फाटे पहिल्या श्रेणीचे, त्यांचे फाटे दुसऱ्या, असे खाली जात राहायचे. दुसरी पद्धत नद्यांच्या अभ्यासातून आली. रॉबर्ट हॉर्टन आणि आर्थर स्ट्रालर यांनी १९४५ आणि १९५२ मध्ये नद्यांच्या उपनद्यांना क्रम लावले, त्यात उगमाजवळचा सर्वांत छोटा ओहोळ पहिला. मुळांना ही रीत लावली तर अगदी शेवटचे, ज्याला पुढे फाटा नाही ते टोकाचे मूळ पहिले ठरते आणि सोटमूळ शेवटचे. २००२ मध्ये कर्ट प्रेगित्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या नऊ वृक्षजातींची बारीक मुळे टोकाकडून मोजली, तेव्हा बहुतेक लांबी पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीतच सापडली. झाड जगते ते त्या सर्वांत तरुण, सर्वांत नाजूक टोकांवर. धर्मग्रंथ वाचताना आपण बहुधा पहिल्या पद्धतीने चालतो, जाड आणि जुन्याकडे पाहून तेच आदिकारण असे धरतो. मुळांपाशी बसणाऱ्याला ही सवय सोडावी लागते.

पण स्टंप करताना ही टोके तर आपण स्वतःच छाटून टाकतो. झाड त्यांच्यावर जगते, हे खरे. त्यांच्यापासून ते परत उगवत नाही. लावल्यावर नवी मुळे येतात ती जाड मुळाच्या आतून. इथे मुळाची एक रीत सांगितलीच पाहिजे. फांदी बाहेरच्या डोळ्यातून फुटते. मुळाचा फाटा मात्र आत, गाभ्याभोवतीच्या पेशींच्या थरात जन्मतो आणि वरचे थर बाजूला सारत बाहेर येतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिल्यावर पुष्कळ दिवस मला दुसरे काही सुचत नसे.

दुसरा भाग म्हणजे वारसा. पुन्हा उगवते ते बीजातच लिहून ठेवलेले असते, असे आपण सहज म्हणतो. आपल्या घरांत त्याला प्रारब्ध म्हणतात. सागाच्या बाबतीत हे तपासायची एक सोय निसर्गानेच केली आहे. ज्याला आपण सागाचे बी म्हणतो ते कठीण कवचाचे फळ असते. त्यात चार कप्पे असतात, आणि कधीकधी एकाच फळातून दोन रोपे येतात. एकाच आईची, एकाच कवचात वाढलेली. परागकण वेगळ्या झाडांचे असू शकतात, तेवढा फरक धरायचा. ही दोन रोपे एकाच मातीच्या दोन पिशव्यांत लावली आणि सहा महिन्यांनी मुळे धुतली, तर नकाशे वेगळे निघतात. एकाचे सोटमूळ सरळ खाली गेलेले, फाटे थोडे. दुसऱ्याचे अर्ध्यावर एका खड्याला अडलेले आणि त्याच्या वरच्या बाजूला दाट जाळे झालेले. पिशवीत ज्या बाजूला ओल जास्त होती तिकडे फाटे जास्त. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मका-भातासारख्या रोपांवरच्या प्रयोगांनी दाखवले, की मुळाच्या ज्या बाजूला पाणी टेकते त्या बाजूने फाटे निघतात आणि कोरड्या बाजूने निघत नाहीत. एकाच मुळाच्या दोन बाजू, आणि निर्णय दोन.

बीजात मुळाचे चित्र नसते. ओल लागली तर काय करायचे, खडा लागला तर काय करायचे, ही रीत असते. प्रारब्धाची कल्पना मला टाकून द्यावीशी वाटत नाही, पण तिचा अर्थ असा लावावासा वाटतो. ज्यांनी प्रारब्ध म्हणजे आधीच काढलेली रेघ मानली, त्यांनी मुळे पाहिलेली नाहीत.

आता मोजणीबद्दल थोडे अधिक, कारण ते ज्ञानाबद्दलच आहे.

मूळ मोजायचे म्हणजे रोप गमवायचे. पिशवी रात्रभर भिजवायची, बारीक चाळणीवर धरून मंद धारेने माती सोडवायची. फाटे तुटू द्यायचे नाहीत. मेलेली गवताची मुळे चिमट्याने वेचून बाजूला करायची. मग उथळ पारदर्शक ट्रेमध्ये पाणी घेऊन मुळे अशी पसरायची की एकावर एक येऊ नयेत. आता ट्रे स्कॅनरवर ठेवतात आणि संगणक लांबी, जाडी, टोके, फाटे सगळे सांगतो. शेवटी मुळे भट्टीत वाळवून वजन. काचेची भिंत लावून जिवंत मूळ पाहता येते, पण काचेला टेकून वाढणारे मूळ हे मातीच्या पोटातल्या मुळासारखेच वाढते असे धरता येत नाही. जे जाणून घ्यायचे तेच जाणण्याच्या कृतीत बदलते किंवा संपते. ही अडचण मला कधीच क्षुल्लक वाटली नाही, आणि चाळणीवर धरलेल्या प्रत्येक रोपाबद्दल मी मनात कृतज्ञ राहिले.

स्कॅनर नव्हता तेव्हा जी पद्धत होती ती मला आजही सर्वांत सुंदर वाटते. मुळांच्या गुंत्याची लांबी पट्टीने मोजणे अशक्य. १९६६ मध्ये न्यूमन यांनी सुचवले की लांबी मोजूच नका. मुळांवर सरळ रेघा येऊ द्या, आणि मुळे त्या रेघांना किती ठिकाणी छेदतात तेवढे मोजा. १९७५ मध्ये टेनंट यांनी ते आणखी सोपे केले: ट्रेखाली चौकटीचा कागद, छेदांची संख्या, गुणिले चौकटीची बाजू, गुणिले ११/१४. हा अपूर्णांक आकाशातून पडलेला नाही. तो पाय (π) या संख्येचा चौथा हिस्सा, पाय २२/७ धरून. फ्रान्सच्या ब्यूफाँ यांनी अठराव्या शतकात रेघा आखलेल्या जमिनीवर सुया टाकून जे गणित मांडले, त्याच जातीचे हे. वाकडेतिकडे, कुणी न आखलेले, आंधळेपणे ओलीकडे गेलेले मूळ, आणि तरी सरळ रेघांशी त्याच्या किती भेटी झाल्या एवढ्यावरून त्याची लांबी कळते. न्यायशास्त्रात प्रत्यक्षाच्या पुढचे प्रमाण अनुमान. धूर दिसतो आणि अग्नी कळतो. इथे छेद दिसतात आणि लांबी कळते. सबंध मूळ डोळ्यांना दिसण्याची गरज नाही. ते उघड्या रेघेला जिथे ओलांडते तेवढे प्रामाणिकपणे मोजले तरी पुरते.

हे मनात ठेवून पुन्हा कॉलरकडे येते. पण येताना एक अडथळा आहे, आणि तो मोठा आहे. पुन्हा उगवणे ही चांगली गोष्ट आहे, असे आपण आतापर्यंत गृहीत धरले.

बुद्धाने तसे धरले नाही. धम्मपदाच्या तृष्णावर्गात हेच झाड आहे: मुळे घट्ट असतील तर तोडलेले झाड परत उगवते, तशी तृष्णेची पाळेमुळे निघाली नाहीत तर दुःख पुन्हा पुन्हा येते. मिथिला आणि मगध काही दूर नाहीत. त्याच मातीतली, तशीच तोडलेली झाडे दोघांनी पाहिली. एकाला त्यात माणूस मृत्यूनंतर कुठून येतो याचा शोध दिसला, दुसऱ्याला माणूस सुटत का नाही याचे कारण. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थही असाच. मुळे वर, फांद्या खाली, आणि तो असंगाच्या शस्त्राने तोडायचा. आमच्या घरी जेवणाआधी पंधरावा अध्याय म्हणायची रीत होती. वडील ताटावर बसून म्हणत, आम्ही मागून. उलट्या झाडाची ओळख मला सुलट्या झाडांच्या आधी झाली म्हटले तरी चालेल. त्या अध्यायात दुसऱ्या श्लोकात आणखी मुळे येतात, खाली मनुष्यलोकात पसरलेली आणि कर्माला बांधलेली, हे मात्र मला पुष्कळ मोठेपणी लक्षात आले.

तोडणे म्हटले की मुळांच्या अभ्यासकाला एक शंका येतेच. मुळाचे टोक तोडले की मूळ संपत नाही. टोकाच्या मागे चार फाटे फुटतात. रूट ट्रेनर नावाच्या साच्याच्या खाचांमध्ये रोप वाढवतात ते याच कारणाने. टोक खालच्या उघड्या भोकाशी हवेत सुकते आणि मागे मुळांची दाटी होते. चुकीच्या जागी केलेला घाव झाडाला बळकट करतो. व्रते, उपास, निग्रह यांनी पुष्कळांच्या बाबतीत हेच होताना मी पाहिले आहे. इच्छेचे टोक खुडले, आणि तिच्या मागून अहंकाराचे, रागाचे, मानाच्या अपेक्षेचे फाटे आले. ज्ञानेश्वर महाराजांनी या अध्यायावर लिहिताना सांगितले की हे झाड खरेच नाही, ते अज्ञानावर उभे आहे, म्हणून ते ज्ञानानेच तुटते. घाव कुठे घालायचा हे कळणे हाच घाव, असे मी ते समजते. एकनाथ महाराजांची आळंदीची कथा प्रत्येक मराठी घरात माहीत आहे: अजानवृक्षाची मुळी ज्ञानेश्वरांच्या गळ्याला लागली होती, ती नाथांनी समाधीत उतरून काढली. झाड तोडले नाही. लागणारी मुळी तेवढी काढली. त्याच नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीतले शिरलेले पाठ काढून ग्रंथ शुद्ध केला, तोही असाच नेमक्या हाताने.

घाव कुठे घालायचा याचे उत्तर मला घाणेरीने दिले. आमच्याकडे तिला रायमुनिया म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी आणलेले हे झुडूप आता जंगलाखालची जमीन गिळून बसले आहे. वरून कापा, जाळा, ते दुप्पट येते. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी ते हटवण्याची जी रीत बसवली, ती कॉर्बेटच्या जंगलात वापरली गेली आणि पुढे इतरत्र पसरली. कुदळीने जमिनीखाली काही सेंटिमीटरवर, जिथून धुमारे फुटतात त्या पट्ट्याच्या जरासे खाली, सोटमूळ तोडायचे. मग झुडूप उचलून उलटे ठेवायचे, मुळे आकाशाकडे, फांद्या जमिनीकडे. ते तसेच वाळते. खाली मातीत राहिलेले मूळ परत येत नाही. ऊर्ध्वमूल अधःशाख असे झाड मी पहिल्यांदा पाहिले ते असे, आणि रांगेने पाहिले.

सागात जो पट्टा आपण जिवापाड जपतो, घाणेरीत तोच उचलून काढतो. झाडे वेगळी, हेतू उलट, जागा एकच. या दोन्ही झाडांत उगवण्याचे सामर्थ्य खालच्या अंधारात नाही आणि वरच्या उजेडातही नाही. दोन्ही जिथे भेटतात त्या दोन-चार सेंटिमीटरांत ते आहे. याज्ञवल्क्य आणि बुद्ध यांत कोण बरोबर, हा वाद मग मला थांबलेला दिसतो. दोघेही त्याच पट्ट्याविषयी बोलत आहेत.

माणसात तो पट्टा कोणता? इथे मी उपनिषदातच परत जाते, पण शेवटच्या श्लोकांकडे नाही. त्याच सभेत, खूप आधी, आर्तभागाने विचारले होते: माणूस मेल्यावर त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळे सूर्यात, शरीर पृथ्वीत, मग तो माणूस कुठे असतो? याज्ञवल्क्याने भर सभेत उत्तर दिले नाही. माझा हात धर, हे आपण दोघेच जाणू, लोकांत नको, असे म्हणून तो त्याला बाजूला घेऊन गेला. उपनिषद सांगते की ते दोघे जे बोलले ते कर्माविषयी बोलले आणि ज्याची स्तुती केली ती कर्माची. पुण्य कर्माने पुण्य, पापाने पाप. पुढच्या अध्यायात जनकाशी बोलताना तो हेच उलगडतो: जशी इच्छा तसा निश्चय, जसा निश्चय तसे कर्म, जसे कर्म तसा माणूस.

म्हणजे सभा ज्या प्रश्नावर गप्प बसली, त्याचे उत्तर त्याच सभेतल्या एका माणसाला आधीच मिळालेले होते. शेवटचा प्रश्न विचारला गेला तेव्हा आर्तभागही तिथे होता असे धरायला हवे. तो बोलला नाही.

इच्छा खाली असते, कुणाला दिसत नाही. तिचे फाटे ओलीकडे जात राहतात, मरतात, नवे येतात. वर दिसतो तो माणसाचा व्याप: नाव, घर, मान, पोरेबाळे. मृत्यू हा वरचा भाग तोडतो. आणि कर्म ही दोन्हींच्या मधली जागा. न दिसणारी इच्छा तिथे उजेडात येते, रेघ ओलांडते. म्हणूनच माणसाचे अंतरंग कुणालाही सबंध दिसत नसले, तरी त्याच्या कृत्यांवरून त्याची लांबी-रुंदी कळते. छेद मोजावेत तशी कृत्ये मोजता येतात. आणि माणूस गेल्यावर जे पुन्हा फुटते, त्याच्या मुलांत, शिष्यांत, शेजाऱ्यांत, ज्यांचे त्याने भले किंवा वाईट केले त्यांच्यात, ते त्याच्या कृत्यांच्या जागीच फुटते. त्याच्या मनात काय काय होते त्यातून फुटत नाही. तो किती मोठा दिसत होता त्यातूनही नाही. मृत्यूनंतर याहून अधिक काही उगवते का, याचा पुरावा मुळांच्या मोजणीतून मिळणार नाही, आणि मिळाल्याचा आव कुणी आणू नये. पण पुन्हा उगवणारे काही असेल तर ते कुठे शोधायचे, ही जागा मला निश्चित वाटते. जपायचे असेल तर तिथेच जपायचे, काढायचे असेल तर तिथेच. नुसत्या भावना शुद्ध आहेत म्हणून समाधान मानणारा माणूस सोटमूळ जपतो आहे. नुसता लौकिक सांभाळणारा वरचे खोड जपतो आहे. पट्टा दोघांकडूनही दुर्लक्षित राहतो.

ज्यांना हे पटत नसेल त्यांना माझी एकच विनंती आहे. बृहदारण्यकाचा तिसरा अध्याय शेवटच्या श्लोकांपुरता वाचू नका, आर्तभागापासून सलग वाचा. आणि जूनमध्ये जवळच्या रोपवाटिकेतून सागाचे दोन स्टंप आणा, एक कॉलरच्या वर कापलेला आणि एक खाली, दोन्ही एकाच वाफ्यात लावा, आणि दीड-दोन महिन्यांनी कोणता उगवला ते पाहा.